नफा दिसतोय, मग पैसे कुठं आहेत? : आमच्या वर्कशॉपचे हिशोब डॅशबोर्डवर आणताना

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं छोटं युनिट आहे. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही ते सीएनसी-व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनवर, मारून परत पाठवतो. निव्वळ जॉबवर्क. शॉप दादा बघतो, ऑफिस मी. भागीदारी फर्म, वर्षाची उलाढाल अडीच कोटींच्या आसपास. हे आधीच सांगितलं, कारण मोठ्या कंपन्यांच्या डॅशबोर्डबद्दल, म्हणजे धंद्याचे सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणाऱ्या पानाबद्दल, हवं तेवढं वाचायला मिळतं. आमच्या मापाच्या धंद्यात तो चालू करायला काय काय करावं लागतं, हे मात्र मला शोधूनही मिळालं नव्हतं.

गरज पडली ती बँकेमुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या कॅश क्रेडिटचं (सीसी, म्हणजे माल आणि येण्यांवर बँक देते ती उचल) रिन्यूअल होतं. लिमिट ४० लाख. बँकेने येण्यांची यादी मागितली, तीही वयानुसार : ३० दिवसांची किती, ६० ची किती, ९० च्या पुढची किती. तोवर आमची पद्धत अशी होती की बिलं मी एक्सेलमध्ये बनवायची, महिनाअखेर फाइल अकाउंटंट काकांकडे जायची आणि ते त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) नोंदी करायचे. जीएसटी वेळेत भरला जायचा, वर्षाचा ताळेबंद व्हायचा, तक्रार कुणाचीच नव्हती. पण आज कुणाकडून किती येणं आहे आणि त्यातलं जुनं किती, हे आज विचारलं तर पुढच्या महिन्यात कळायचं.

चार रात्री बसून यादी केली. एकूण येणी ५२ लाख, त्यातली १४ लाख नव्वद दिवसांवरची. आमची बँक नव्वदच्या पुढचं येणं धरतच नाही. उरलेल्या ३८ लाखांचे ६० टक्के म्हणजे २२ लाख ८० हजार, आणि देणी वजा जाता आमचा स्टॉक ६ लाख, त्याचे ७५ टक्के म्हणजे साडेचार लाख. मिळून २७ लाख ३० हजार. म्हणजे कागदावर लिमिट ४० लाख, उचलता येणार सव्वासत्तावीस. टक्केवारी बँकेगणिक वेगळी असते, ती तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेली असते. ते पत्र फाइलमधून काढून एकदा नीट वाचाच.

दसऱ्याला दादाशी बोलले. नवीन इन्सर्टचा (मशिनच्या कापणाऱ्या टोकांचा) सेट घ्यायचा होता त्यामुळे तो खर्चाला नाखूश होता, पण बँकेचा आकडा त्यालाही लागला होता. दोन-तीन क्लाउडवरची सॉफ्टवेअर्स बघितली, डेमो घेतले. शेवटी टॅलीप्राइम घेतलं, आणि त्यामागचं कारण अगदी साधं : काकांना ते येतं, सीए मॅडमना ते चालतं, आणि ४.० आवृत्तीपासून त्यात डॅशबोर्ड आहेच. सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, नोंदी करणाऱ्या माणसाला ते परकं वाटलं तर पहिल्या महिन्यातच काम तुंबतं. एका कॉम्प्युटरवर चालणारं सिल्व्हर लायसन्स तेव्हा २२,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २६,५५० ला पडलं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून बिल फर्मच्या नावे आणि जीएसटी नंबर घालूनच घ्यायचं. बसवून देणाऱ्या माणसाने दोन बैठकांच्या शिकवणीसह सहा हजार घेतले. बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क घेतली, ती चार हजारांवर गेली.

खरा खर्च पुढे होता. हिशोब १ एप्रिल २०२४ पासून नव्याने बसवायचे ठरले. सात महिन्यांची विक्री, खरेदी, बँक, पगार, सगळं पुन्हा. मी आणि काका मिळून हे चालू कामात करणं शक्यच नव्हतं, म्हणून बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी दुपारनंतर यायला लागली. दोन महिने, महिना बारा हजार. हा खर्च कुठल्याच विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये नसतो, तुम्ही तो आपणहून धरा.

आधी ओपनिंग बॅलन्स, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची प्रत्येक खात्याची बाकी. काकांकडचा ३१ मार्च २०२४ चा ताळेबंद समोर ठेवला आणि एकेक खातं चढवत गेलो. गिऱ्हाइकांच्या खात्यावर आल्यावर काकांनी ‘बिल-बाय-बिल’ चालू करू नको म्हणून सांगितलं. ‘‘अगं, नुसती बाकी टाक की. बिलवार करत बसलीस तर शिमगा उजाडंल.’’ त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण नुसती बाकी टाकली तर संगणकाला एवढंच कळतं की अमक्याकडून नऊ लाख येणं आहे. ते कुठल्या बिलाचं आणि किती जुनं हे कळत नाही, आणि बँकेला तर नेमकं तेच हवं होतं. मी हट्ट धरला. काका दोन दिवस घुश्शात होते, मग स्वतःच जुन्या बिलबुकांचा गठ्ठा घेऊन आले.

टॅलीत पैसे जमा करताना चार पर्याय येतात : न्यू रेफ (नवा संदर्भ), अगेन्स्ट रेफ (आधीच्या बिलापोटी), अ‍ॅडव्हान्स (आगाऊ) आणि ऑन अकाउंट (नुसतं खात्यावर). घाईत असलेला माणूस ‘ऑन अकाउंट’ दाबतो. पैसे खात्याला जमा होतात, एकूण बाकी बरोबर येते, पण कुठलं बिल फिटलं हे सांगितलेलं नसल्यामुळे फिटलेली बिलंही उघडीच दिसत राहतात. डॅशबोर्डवरच्या येण्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा असेल तर ‘ऑन अकाउंट’ ऑफिसातून हद्दपार करा. आमच्याकडे आता नियम आहे की बँकेत पैसे आले की त्याच दिवशी त्या कंपनीकडून पेमेंट अ‍ॅडव्हाइस मागवायचा, कोणत्या बिलांचे पैसे ते बघायचं आणि मगच नोंद करायची. अ‍ॅडव्हाइस बहुतेक कंपन्या मेलवर आपोआप पाठवतात. फक्त त्यांच्याकडे आपला चालू मेल आयडी नोंदलेला असावा लागतो. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे आठ वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाचा मेल होता!

नोव्हेंबरभर खातेउतारे जुळवले. प्रत्येक गिऱ्हाइकाला मेल करून त्यांच्या पुस्तकातला आमचा लेजर मागवला. काहींनी दुसऱ्या दिवशी पाठवला, काहींना दिवाळीनंतर, मग लग्नसराईनंतर आठवण करावी लागली. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं उदाहरण देते. आमच्या खात्यात त्यांच्याकडून येणं ९,७६,००० होतं, त्यांच्या खात्यात आम्हाला देणं ८,४१,०००. फरक १,३५,०००. त्यातले ४२,००० टीडीएसचे, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या प्राप्तिकराचे. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४सी खाली भागीदारी फर्मच्या जॉबवर्कवर २ टक्के कापायचे, ते कापून पैसे आलेले, पण आमच्याकडे टीडीएसची वेगळी नोंदच नव्हती. ५८,४०० रिजेक्शनच्या डेबिट नोटांचे, म्हणजे नाकारलेल्या मालापोटी त्यांनी वजा केलेले. ब्लोहोल (आतली पोकळी) निघालेले पीस, त्यात कास्टिंगचा दोष कुठला आणि मशिनिंगचा कुठला यावर दादाचं आणि त्यांच्या क्वालिटीवाल्यांचं अजून जमलेलं नाही. उरलेले ३४,६०० एका बिलाचे. माल पोचलेला, चलनावर गेटचा शिक्का, पण त्यांच्या स्टोअरमध्ये जीआरएनच (माल मिळाल्याची नोंद) झालेला नाही. जीआरएन नाही म्हणजे त्यांच्या सिस्टीमच्या लेखी माल आलाच नाही. शिक्क्याचं चलन स्कॅन करून पाठवल्यावर दहा दिवसांत ते सुटलं.

टीडीएसचं एक सांगते. जो कापला तो प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या कराच्या उताऱ्यात (२६एएस) दिसतो का हे दर तिमाहीला बघा. कापणाऱ्याने पॅन चुकीचा टाकला किंवा रिटर्नच भरलं नाही, तर पैसे आपले गेलेले असतात आणि क्रेडिट मिळत नाही. वर्ष संपल्यावर मागे लागण्यापेक्षा तिमाहीला एक फोन परवडतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॅशबोर्ड पहिल्यांदा उघडला. विक्रीचा आलेख, खरेदीचा आलेख, रोख आणि बँक, येणी-देणी, नफा, गुणोत्तरं, सगळे चौकोन एका पडद्यावर. दिसायला झकास, आणि आकडे बघितले तर रोख शिल्लक उणे! गल्ल्यात उणे पैसे असू शकत नाहीत. कामगारांची उचल शनिवारी दिली जायची, तिची नोंद त्याच दिवशी व्हायची, पण त्यासाठी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद आठवड्याने. बँकेचा आकडाही पासबुकाशी जुळेना, कारण दिलेले पण न वटलेले चेक त्यात होते. यासाठी बँक रिकन्सिलिएशन करावं लागतं, म्हणजे स्टेटमेंट समोर ठेवून प्रत्येक नोंदीला बँकेची तारीख टाकायची. आम्ही ते आता दर सोमवारी करतो. महिन्याचं एकदम करायला गेलं की अर्धा दिवस जातो, आठवड्याचं चहा होईपर्यंत उरकतं.

स्टॉकचा चौकोन जॉबवर्कवाल्यांना हमखास चकवतो. आमच्या शेडमध्ये गेलात तर कास्टिंगचे ढीग दिसतील, पण तो माल गिऱ्हाइकाचा. चलनावर आलेला, चलनावर परत जाणारा, जीएसटीच्या नियमाप्रमाणे वर्षाच्या आत परत गेला पाहिजे असा. तो आपल्या स्टॉकमध्ये धरायचा नाही. आपला स्टॉक म्हणजे इन्सर्ट, ड्रिल, कूलंट, तेल, पॅकिंग. आलेल्या-गेलेल्या कास्टिंगचा हिशोब आम्ही वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवतो, त्याला किंमत लावत नाही. बँकेच्या माणसाला स्टॉक तपासणीच्या वेळी हे समजावून सांगावं लागतं, दरवर्षी नव्याने, कारण दरवर्षी माणूस नवा असतो.

आकडे ताळ्यावर यायला डिसेंबरअखेर उजाडलं. मग एका संध्याकाळी शिफ्ट बदलल्यावर दादाला बोलावलं. तो हात पुसत आला, खुर्ची ओढली, नफ्याच्या चौकोनाकडे बराच वेळ बघत बसला.

‘‘एवढा नफा हाय म्हणतंय. मग पैसं कुठं हाईत?’’

हाच प्रश्न विचारला जावा म्हणून हा सगळा खटाटोप होता, असं मला वाटतं. मी येण्यांच्या चौकोनावर एंटर मारलं. गिऱ्हाइकांची यादी आली. सगळ्यात वरच्या नावावर पुन्हा एंटर, त्याची उघडी बिलं आली, प्रत्येकापुढे किती दिवस उलटले ते. ही कंपनी आमची सगळ्यात मोठी, महिन्याला सहा लाखांचं काम. तिच्या पर्चेस ऑर्डरवर मुदत ४५ दिवसांची लिहिलेली, आणि पैसे सरासरी ११० व्या दिवशी येत होते. दादाच्या डोक्यात ‘लेट देतात पण देतात’ एवढंच होतं. शिवाय जॉबवर्कवर तेव्हा १२ टक्के जीएसटी होता. सहा लाखांवर ७२ हजार, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आम्ही सरकारला भरून मोकळे. त्या कंपनीकडून ते यायला आणखी अडीच-तीन महिने. म्हणजे कायम दोन लाखांच्या आसपास रक्कम फक्त तिच्या जीएसटीपोटी आमच्या सीसीतून गेलेली, आणि त्यावर व्याज आम्ही भरतोय.

दादाने माउस स्वतःकडे घेतला. बिलं खालीवर करता करता त्याच्याच लक्षात आलं की नव्वदच्या पुढची जवळपास सगळी बिलं एकाच पार्टची आहेत, एका ब्रॅकेटची. हे त्याला बिलाच्या तपशिलावरून कळलं, माझ्या लक्षात ते येणं शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये त्या ब्रॅकेटचा दर वाढवून मिळाला होता, मेलवर होकारही आला होता, पण सुधारित पर्चेस ऑर्डर त्यांच्या सिस्टीममध्ये चढलीच नव्हती. आमचं बिल नव्या दराचं, त्यांची ऑर्डर जुन्या दराची, म्हणून बिल अडकून पडायचं. मग कुणीतरी हाताने सोडवायचं तेव्हा पैसे. दादा ती वयवार यादी छापून घेऊन त्यांच्या पर्चेसकडे गेला. भांडण नाही, काही नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुधारित ऑर्डर आली, आणि फेब्रुवारीत जुन्या बिलांचे पैसे आले. ही कंपनी अजूनही ४५ दिवसांत देत नाही, पण सत्तर-पंच्याहत्तरवर आली आहे.

तुम्हीही बिलाच्या नोंदीत पर्चेस ऑर्डरचा नंबर आणि पार्टचं नाव टाकतच चला. डॅशबोर्ड तुम्हाला दारापर्यंत नेतो, पण आत काय आहे हे बिलावर लिहिलेलं असेल तरच कळतं.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट कामी आली. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, आहे. लहान उद्योगांच्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. आणि प्राप्तिकराच्या तेव्हाच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे मुदत उलटलेली बाकी ३१ मार्चला तशीच राहिली, तर तो खर्च घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. हे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. आम्ही फेब्रुवारीतच उद्यमचा नंबर बिलाच्या वरच्या कोपऱ्यात छापायला लागलो आणि सगळ्या गिऱ्हाइकांना उद्यम प्रमाणपत्र आणि ४५ दिवसांवरच्या बिलांची यादी नम्रपणे मेल केली. धमकीचा एक शब्द नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचे एसएमएस वाजत राहिले. मात्र हे दुधारी आहे. आपणही कुणाचे तरी पैसे देणं लागतो, आणि आपल्या ग्राइंडिंगवाल्याची, हीट ट्रीटमेंटवाल्याची उद्यम नोंदणी असेल तर तोच नियम आपल्याला. देण्यांचा चौकोन उघडून त्यांची ४५ दिवसांवरची बिलंही आम्ही ३१ मार्चच्या आत फेडली. सीए मॅडम म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही मला विचारायच्या आधी केलंत, असं पहिल्यांदाच झालंय.’’

आता डॅशबोर्डवर मी चारच चौकोन ठेवलेत : बँक आणि रोख, येणी-देणी, विक्रीचा आलेख, आणि मोठी खाती. गुणोत्तरांचे चौकोन लपवून ठेवलेत, ते रिन्यूअलच्या वेळी उघडते. सुरुवातीला दिवसातून दहादा बघायची सवय लागली होती, आणि दर वेळी आकडा बघून जीव खालीवर व्हायचा. त्याने काही साधत नाही. सोमवारी रिकन्सिलिएशन झाल्यावर एकदा आणि पगाराच्या आधी एकदा, एवढं पुरतं.

आणि डॅशबोर्ड पुढचं सांगत नाही, हेही सांगून ठेवते. त्यात झालेल्या नोंदी दिसतात. पुढच्या महिन्यात पैसे पुरतील का, हे बघायला मी अजूनही एक साधी एक्सेल शीट ठेवते : ७ तारखेला टीडीएस, १० ला पगार, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला जीएसटी, मध्ये कुठेतरी वीजबिल, मशिनचे हप्ते, महिनाअखेर सीसीचं व्याज. समोरच्या रकान्यात कुठल्या बिलाचे पैसे कधी येतील याचा अंदाज, तो मात्र टॅलीतल्या प्रत्यक्ष दिवसांवरून. जी कंपनी पंच्याहत्तर दिवसांनी देते तिला शीटमध्ये ४५ दिवस लिहायचे नाहीत. हे लिहिताना हात जड होतो, पण १९ तारखेला पळापळ होत नाही.

काकांना भीती होती की आता त्यांची गरज उरणार नाही. उलट झालं. पूर्वी ते महिन्यातून एकदा यायचे, आता आठवड्यातून दोन संध्याकाळ ऑफिसात बसतात, आणि कुणी ‘ऑन अकाउंट’ टाकलं की सगळ्यात आधी तेच ओरडतात. मानधनही वाढवून दिलं.

सप्टेंबर २०२५ चं रिन्यूअल याच नोंदींवर झालं. यादी छापायला दहा मिनिटं लागली, नव्वद दिवसांवरची येणी पाच लाखांच्या आत होती. बँकेने तरी तीन प्रश्न विचारलेच, त्यातला एक कास्टिंगच्या ढिगाचा.

एक काम बाकी आहे. कुठलं मशिन कमावतं आणि कुठलं नुसतं वीज खातं, हे आम्हाला अजून दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक मशिनचं वेगळं कॉस्ट सेंटर (खर्चाचं वेगळं खातं) करून वीज, टूल आणि ऑपरेटरचा पगार त्यावर टाकावा लागेल. येत्या १ एप्रिलपासून सुरू करायचं ठरलंय, कारण मधूनच सुरू केलं तर वर्षाची तुलना होत नाही. दादाचं म्हणणं आहे की जुनं व्हीएमसी विकायचंच आहे, त्याला आकडे कशाला. मी म्हटलं, विकायचंय तर सहा महिने आकडे बघू आणि मग विकू. तूर्त टूलरूममधून कुठलं इन्सर्ट कुठल्या मशिनला गेलं, हे लिहायला एक वही लावली आहे.